हेडफोनची पिन : एका मानकाची कथा

प्रशासनाचा इतिहास लिहिताना आपण कायदे, आयोग आणि समित्या यांची नोंद घेतो. ज्या लहानसहान वस्तूंमुळे कचेरीचा दिवस सुरळीत पार पडतो, त्यांची नोंद सहसा कोणी घेत नाही. टेबलावरच्या संगणकाला हेडफोन जोडण्याची पिन ही अशीच एक वस्तू आहे. ती जॅकमध्ये सरकवली, किंचित 'टक्' असा आवाज आला आणि कानात आवाज सुरू झाला की आपण तिला विसरतो. परंतु गेल्या जवळजवळ दीडशे वर्षांत तारा, यंत्रे, कंपन्या आणि राज्यव्यवस्था बदलल्या, तरी या पिनेचा मूळ घाट बदललेला नाही. जगातल्या अत्यंत यशस्वी मानकांपैकी हे एक असून ते कोणत्याही सरकारने हुकूम काढून लादलेले नाही. ते टिकले कसे आणि जिथे फसले तिथे का फसले, हे पाहणे प्रशासनात काम करणाऱ्याला उपयोगाचे आहे. कारण फसण्याची किंमत मोजणारा माणूस बहुधा कार्यालयातला सर्वांत कमी आवाज असलेला माणूस असतो.

ही कथा संगणकापासून नव्हे, टेलिफोनपासून सुरू होते. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. तेव्हा त्याचे २१ ग्राहक होते. एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडायची, बोलणे संपले की सोडवायची, हे काम माणसाने हाताने करायचे होते. सुरुवातीला या कामावर तारखात्यातल्यासारखी मुले नेमली जात. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलतात अशा तक्रारी आल्या आणि १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर रुजू झाली. पुढे शंभर वर्षे हे काम मुख्यतः स्त्रियांनीच केले.

दर मिनिटाला कित्येक जोडण्या करायच्या तर स्क्रू पिळून तार जोडणे शक्य नव्हते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील चार्ल्स स्क्रिब्नर या अभियंत्याने स्प्रिंगवर चालणारी एक खोबण तयार केली. तिच्यातली पट्टी खिशातल्या मिटत्या चाकूसारखी दिसे. अशा चाकूला इंग्रजीत 'जॅक-नाइफ' म्हणतात, म्हणून त्या खोबणीचे नाव 'जॅक' पडले. आज आपल्याकडचा दुकानदारही 'जॅक खराब झालाय' असे म्हणतो, तेव्हा तो नकळत त्या चाकूचीच आठवण काढत असतो.

या जॅकमध्ये एक युक्ती होती. पिन आत गेली की स्प्रिंगची पट्टी बाजूला सरके आणि आधीची एक जोडणी आपोआप तुटे. म्हणजे एकाच हालचालीत नवे जोडणे आणि जुने सोडवणे अशी दोन्ही कामे होत. संगणकाच्या स्पीकरवर गाणे चालू असताना आपण हेडफोनची पिन लावतो आणि बाहेरचा आवाज बंद पडतो, त्यामागे मूळ कल्पना हीच आहे. फरक एवढाच की पूर्वी ते काम पितळेची पट्टी करी, आता बहुतेक ठिकाणी पिन आल्याची वर्दी चिपला मिळते आणि निर्णय सॉफ्टवेअर घेते.

पिनेची रचनाही तेव्हाचीच आहे. तिची जाडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर होती. पुढचे टोक, मधले कडे आणि मागची नळी असे तिचे तीन भाग एकमेकांपासून काळ्या पट्ट्यांनी वेगळे केलेले असत. टोक आणि कडे यांतून बोलण्याच्या दोन तारा जात. नळीचा उपयोग दुसराच होता. मोठ्या एक्स्चेंजमध्ये एकाच ग्राहकाचा जॅक अनेक ऑपरेटरांसमोर असे. त्याची लाइन कोणी आधीच घेतली आहे का हे समजण्यासाठी ऑपरेटर पिनेचे टोक जॅकच्या कडेला नुसते टेकवी. कानातल्या श्रवणीत 'कट्' असा आवाज आला की लाइन व्यस्त आहे हे कळे. एका खिळ्याएवढ्या वस्तूत बोलणे, तपासणे आणि जोडणे ही तीन कामे बसवलेली होती.

आपल्याकडे १८८२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून थेट बोलण्याची पहिली सोय १९६० साली झाली. तरीही 'ट्रंक कॉल बुक करणे' हा वाक्प्रचार पुढे निदान तीन दशके आपल्या घराघरांत जिवंत होता. माझ्या पिढीतल्या अनेकांनी पोस्टाच्या खिडकीपलीकडे कानावर पट्टा चढवलेली, दोन्ही हातांनी दोऱ्यांच्या पिना काढत-घालत बसलेली ऑपरेटर पाहिली आहे. हेडफोन लावून काम करणारा सरकारी कर्मचारी ही संगणकयुगाची देणगी नाही.

हेडफोनचा दुसरा प्रवाह नौदलातून आला. १९१० साली अमेरिकेतील युटा राज्यात नथॅनिएल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात बसून दोन्ही कानांवर बसणारी श्रवणी तयार केली आणि अमेरिकी नौदलाने ती बिनतारी संदेश ऐकण्यासाठी विकत घेतली. १९५८ साली मिलवॉकी शहरातील जॉन कॉस याने संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळा आवाज द्यायचा म्हणजे दोन तारा आणि दोघांची सामाईक परतीची वाट हवी. टेलिफोनच्या पिनेत तीन भाग तयारच होते. टोक डाव्या कानासाठी, कडे उजव्या कानासाठी आणि नळी सामाईक, अशी वाटणी झाली. नवी पिन शोधावी लागली नाही.

पाव इंची पिन खिशातल्या यंत्राला मोठी होती. ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर तिची लहान भावंडे आली आणि त्यांतली ३.५ मिलिमीटरची पिन टिकली. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानमध्ये वॉकमन विक्रीस आणला. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनचे दोन जॅक होते, दोघांनी मिळून ऐकण्यासाठी. वॉकमन खपला तसे इतर कंपन्यांनी त्याच मापाचे हेडफोन काढले, आणि हेडफोन सर्वत्र मिळू लागले म्हणून प्रत्येक नव्या यंत्राला तोच जॅक बसवणे भाग पडले. या मापाला पुढे आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या, मानकात स्थान मिळाले. मानक आधी रूढ झाले आणि कागदावर नंतर आले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे दोन गोष्टी लक्षात येतील. मायकेल कॅट्झ आणि कार्ल शपिरो यांनी १९८५ साली 'नेटवर्क बाह्यता' या कल्पनेची नेमकी मांडणी केली. एखादी वस्तू वापरणारे जितके वाढतील तितका तिचा प्रत्येकाला होणारा उपयोग वाढतो. त्याच वर्षी पॉल डेव्हिड यांनी टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचे उदाहरण घेऊन दाखवले की एकदा रुळलेली वाट सोडणे महाग पडते, म्हणून ती सर्वोत्तम नसली तरी चालू राहते. हेडफोनच्या पिनेला दोन्ही नियम लागू पडतात. फरक असा की कळफलकाविषयी वाद आहेत; या पिनेविषयी मात्र पुष्कळसे समाधान आहे. ती फिरवली तरी चालते, उलटी लागत नाही, अंधारात चाचपून लावता येते आणि तिच्यासाठी सॉफ्टवेअर, पासवर्ड किंवा परवानगी लागत नाही.

आता टेबलावरच्या संगणकाकडे वळू. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. त्याच्या पोटात 'बीप' करणारा एक छोटा स्पीकर होता. हेडफोन लावण्याची जागा नव्हती. संगणक हे हिशेबाचे यंत्र, त्याला गाणे कशाला हवे, असा तो विचार होता. ही उणीव व्यवसायाने नव्हे तर खेळांनी भरून काढली. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड आणले. ते संगणकात बसवले की मागच्या बाजूला हेडफोनचा जॅक मिळे. नव्वदच्या दशकात सीडी ड्राइव्हच्या पुढच्या तोंडावरही एक जॅक आणि आवाजाची चकती असे. त्यात पिन लावून गाणी ऐकणारे कारकून आणि अधिकारी अनेकांना आठवत असतील.

तेव्हाच्या कार्डांवर तीन-चार सारखेच काळे जॅक असत आणि त्यांच्याशेजारी पत्र्यावर कोरलेली खूण भिंगाशिवाय दिसत नसे. हेडफोनची पिन मायक्रोफोनच्या भोकात घालून 'संगणक मुका झाला' अशी तक्रार करणे हा रोजचा प्रकार होता. यावर उपाय 'पीसी ९९' या नावाच्या मार्गदर्शिकेने केला. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तयार केलेल्या या दस्तऐवजात जॅकना रंग ठरवून दिले. स्पीकर किंवा हेडफोनसाठी पोपटी, मायक्रोफोनसाठी गुलाबी, बाहेरून आवाज आत घेण्यासाठी फिकट निळा. हा कायदा नव्हता, केवळ शिफारस होती. तरीही काही वर्षांत जगभरचे संगणक त्या रंगांचे झाले. ज्याला इंग्रजी येत नाही, त्यालाही 'पोपटी रंगात पिन घाला' एवढे फोनवरून सांगता येऊ लागले. लोकांच्या किती तक्रारी एका रंगाच्या ठिपक्याने मिटू शकतात याचे एवढे चांगले उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही.

मात्र याच सुमारास एक नवी अडचण आली. आवाजाचे काम वेगळ्या कार्डाकडून मदरबोर्डकडे गेले. १९९७ साली इंटेलने 'एसी ९७' ही पद्धत ठरवली आणि २००४ साली तिच्या जागी 'एचडी ऑडिओ' आणली. वाकून मागे हात घालावा लागू नये म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जॅक देण्यात आले. पुढचा जॅक कॅबिनेट बनवणाऱ्याचा आणि आवाजाची चिप मदरबोर्ड बनवणाऱ्याची. दोघांना जोडणारी एक बारीक केबल आतून जाते. ती मदरबोर्डवरच्या नऊ सुयांवर बसवावी लागते. सुयांच्या दहा जागांपैकी एक मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, केबल उलटी बसू नये म्हणून. दोन पद्धतींच्या संक्रमणकाळात एकाच कॅबिनेटमधून दोन वेगवेगळी टोके लोंबकळत असत आणि त्यांतले कोणते बसवायचे हे जुळणी करणाऱ्याने ठरवायचे असे. त्याने काहीच बसवले नाही तरी संगणक सुरू होतो, तपासणीत पास होतो आणि बिलही मंजूर होते. पुढचा जॅक मात्र निर्जीव राहतो.

मोबाइल फोनमुळे दुसरा सांधा निखळला. ऐकणे आणि बोलणे एकाच पिनेत आणण्यासाठी तिला चौथा भाग जोडण्यात आला. पण कोणत्या कड्यावर मायक्रोफोन आणि कोणत्या भागावर सामाईक परतीची तार, याविषयी दोन पद्धती रूढ झाल्या, ओएमटीपी आणि सीटीआयए. एका पद्धतीचा हेडफोन दुसऱ्या पद्धतीच्या यंत्राला लावला की गाण्यातले वाद्य ऐकू येते आणि गायक नाहीसा होतो. कारण परतीची वाट नीट न मिळाल्याने दोन्ही कानांत केवळ डाव्या-उजव्या आवाजातला फरक उरतो आणि दोन्हींत समान असलेला गायकाचा आवाज वजा होतो. हेडफोनवरचे बटण दाबून धरले की गायक परत येतो, हे अनेकांनी अनुभवले असेल, कारण मात्र ठाऊक नसेल. शिवाय चार भागांची एकच पिन आणि संगणकाचे पोपटी व गुलाबी असे दोन जॅक, यांचा मेळ बसवायला दोन फाट्यांची वेगळी वायर घ्यावी लागते.

भारतीय रेल्वेचा इतिहास माहीत असणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडे आधी १६७६ मिलिमीटरचा रुंद मार्ग आला. १८७० च्या दशकात खर्च वाचवण्यासाठी मीटर मार्ग आला. दोन मार्ग जिथे भेटत तिथे प्रत्येक पोते एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावे लागे. १९९२ साली मार्ग एक करण्याचे धोरण आले आणि ते काम दशकानुदशके चालले. प्रत्येक मार्ग आपापल्या जागी उत्तम होता. नुकसान सांध्यावर होत होते. तिथे कोणाची जबाबदारी नव्हती आणि हमालाची पाठ मात्र होती.

कार्यालयातल्या सांध्यावर कोणाची पाठ असते, हे मी एकदा जवळून पाहिले. एका कार्यालयात नवे संगणक आले. तिथल्या एका दृष्टिहीन सहायकालाही त्यांतला एक मिळाला. दृष्टिहीन कर्मचारी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. १९८९ साली सुरू झालेले जॉज किंवा २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह यांनी सुरू केलेले, विनामूल्य मिळणारे एनव्हीडीए ही त्यांतली परिचित नावे. दहा जणांच्या खोलीत हा आवाज स्पीकरवर ठेवता येत नाही. शेजाऱ्यांना त्रास होतो आणि गोपनीय टिप्पणी खोलीभर ऐकू जाते. म्हणून हेडफोन हवा. तोही हे सहायक एकाच कानावर ठेवत, म्हणजे दुसऱ्या कानाने कोणी हाक मारली तर ऐकू येते.

नव्या संगणकाचा पुढचा जॅक मुका निघाला. मागच्या जॅकपर्यंत त्यांच्या हेडफोनची वायर पुरत नव्हती आणि पुरली तरी खुर्ची सरकताच निघे. पुरवठादार म्हणाला, संगणक चालू आहे, तक्रार बसत नाही. देखभालीचा ठेकेदार म्हणाला, हेडफोन करारात नाही. भांडार शाखेने लांब वायरच्या हेडफोनचा प्रस्ताव 'ही वस्तू मंजूर यादीत नाही' असे लिहून परत पाठवला. यूएसबीचा हेडफोन सुचवला गेला, पण सुरक्षिततेसाठी त्या कार्यालयातले यूएसबी पोर्ट बंद केलेले होते; त्याच कारणाने ब्लूटूथही नव्हते. या सर्व पत्रव्यवहारात सहा आठवडे गेले. तेवढा काळ हे सहायक जुन्या, मोडकळीला आलेल्या यंत्रावर काम करीत राहिले आणि त्यांच्या टेबलावरच्या फाइली वाढत गेल्या. अखेर एका तंत्रज्ञाने कॅबिनेट उघडले, लोंबकळणारी केबल नऊ सुयांवर बसवली आणि झाकण लावले. पाच मिनिटेही लागली नाहीत.

या प्रसंगात कोणीही नियमाबाहेर वागले नाही, हीच खरी काळजीची गोष्ट आहे. डोळस माणसासाठी हेडफोन ही चैनीची वस्तू आहे, म्हणून तिची नोंद 'अनुषंगिक' सदरात होते. दृष्टिहीन माणसासाठी तो पडदा आहे. त्याचा जॅक बंद असणे म्हणजे आपल्यापुढे काळा मॉनिटर ठेवण्यासारखे आहे. काळ्या मॉनिटरची तक्रार सहा आठवडे फिरली असती काय? दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २० नुसार शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला यथोचित सोय आणि अनुकूल वातावरण देणे बंधनकारक आहे. त्या मोठ्या शब्दांचा अर्थ अनेकदा एवढासाच असतो, केबल बसवलेली असणे.

२०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून हा जॅक काढून टाकला आणि अनेक कंपन्यांनी तेच केले. ब्लूटूथ आणि यूएसबी टाइप-सी यांचे दिवस आले. युरोपीय संघाने २०२२ साली समान चार्जरचा निर्देश संमत केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तो फोनप्रमाणे तेथे विकल्या जाणाऱ्या, वायरने चार्ज होणाऱ्या हेडफोनांनाही लागू झाला. भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचे मानक स्वीकारल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. हे स्वागतार्ह आहे. पण चार्जिंगचा सांधा जुळला म्हणजे आवाजाचा सांधा जुळला असे नव्हे. टाइप-सीच्या जॅकमधून आवाज मिळण्यासाठी त्या पोर्टला तशी मुभा असावी लागते, आणि कार्यालयात पोर्ट बंद करण्याची कारणे नाहीशी होणार नाहीत. जुनी पिन फक्त आवाज नेते, फाइल चोरू शकत नाही. सुरक्षितता आणि सुगमता या दोन्ही गरजा एकाच वेळी भागवणारी अशी वस्तू कालबाह्य म्हणून घाईने काढून टाकू नये.

मानक निर्माण करणे हे बाजाराला, अभियंत्यांना आणि सवयीला जमते. ते दोन मालकांच्या सांध्यावर तुटू न देणे हे मात्र खरेदीदाराचे काम आहे, आणि सरकार हा या देशातला फार मोठा खरेदीदार आहे. म्हणून निविदा लिहिणाऱ्या आणि माल स्वीकारणाऱ्या सहकाऱ्यांना माझ्या चार सूचना आहेत.

१. संगणकाच्या तपशिलात 'ऑडिओ : आहे' एवढे न लिहिता 'पुढच्या बाजूला चालू स्थितीतला ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक' असे लिहावे. तो चार भागांच्या पिनेचा असल्यास तेही नमूद करावे.

२. माल स्वीकारताना प्रत्येक यंत्राला हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो हे पाहावे. एका कानातच येत असेल तर आधी पिन पूर्ण आत सरकली आहे का ते बघावे. अजिबात येत नसेल तर पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कोणत्या मार्गाने चालला आहे ते तपासावे. त्यानंतरही जॅक मुका असेल तर यंत्र स्वीकारू नये.

३. देखभालीच्या करारात पुढचे जॅक आणि त्यांची आतली केबल यांचा नावानिशी समावेश करावा.

४. दृष्टिहीन कर्मचाऱ्याचा हेडफोन 'अनुषंगिक' सदरातून काढून मॉनिटरच्या जोडीला लिहावा. म्हणजे तो बिघडला तर मॉनिटर बिघडल्याइतक्याच तातडीने बदलला जाईल.

या चारही गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च नाही. लागतात त्या फक्त निविदेतल्या दोन ओळी आणि स्वीकृतीच्या वेळी एका यंत्रामागे एक मिनिट. शंभर संगणकांना एक तास चाळीस मिनिटे होतात. त्या सहायकाचे सहा आठवडे गेले होते.